पान पंचवीसवरची खूण

आधीच सांगते, मी या सदरातले भुताखेतांचे अनुभव चहासोबत वाचून हसणारी बाई आहे. रस्त्यातल्या लिंबू-मिरचीवर मुद्दाम पाय देऊन जाते. नवरा म्हणतो, भूतच तुला घाबरेल. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

कर्जतला, दहिवलीत आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. मंडळाच्या हॉलवर पहिला मजला, बारा कपाटं, खिडकीशी बालविभाग. वेळ दुपारी चार ते सात. ग्रंथपाल मी एकटीच. आमच्या जुन्या वाचकांची एक खोड आहे — पुस्तक वाचून झालं की पान पंचवीसवर पेन्सिलीने आपापली खूण करायची. कुणाची फुली, कुणाचं स्वस्तिक. पुस्तकांची बांधणी पुन्हा केली की मुखपृष्ठ जातं, नाव लक्षात राहत नाही. मग पंचविसावं पान उघडायचं, आपली खूण दिसली की ‘हे झालंय’ म्हणून परत ठेवायचं. मला याचा भारी राग. दरवर्षी सरकारी तपासणीच्या आधी मी खोडरबर घेऊन बसायची आणि सगळ्या खुणा साफ करायची.

सुनंदा आमच्याकडे झाडलोट करायची. शाळेची पायरी न चढलेली, पण नजर तिखट. एकदा मला खोडताना बघून तिने विचारलं, “बाई, ह्ये काय हाय?” मी सांगितलं. मग म्हणाली, “माज्या श्रुतीला वाचायचा लय नाद हाय. तिला कंचं पुस्तक चांगलं, सांगाल का?” मी कामात होते. म्हटलं, “आधी तिला सभासद कर, मग बघू.” ते बघायचं राहिलंच. गणपतीच्या आधी दोन दिवसांच्या तापाने सुनंदा गेली.

दिवाळीनंतर श्रुतीची आत्या तिला घेऊन आली. अकरा वर्षांची पोर, वेण्या घट्ट, नजर जमिनीला.

“बाई, आय गेल्यापास्नं पोरीनं शब्द नाय काढला. शाळंत नाय, घरात नाय. डॉक्टर बोलतात मनाचं हाय. पुस्तकांत तरी जीव रमंल तिचा...”

मूल बघितलं की पुस्तक सांगते अशी माझी ख्याती आहे. (मीच पसरवलेली.) मी तिला थोरांची चरित्रं दिली, बक्षीस मिळालेली दिली, विज्ञानाची रंगीत चित्रांची दिली. सगळी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत. शेवटी मी हात टेकले.

मग तीच कपाटाशी जाऊन बसायला लागली. पुस्तक काढायची, पंचविसावं पान बघायची, परत ठेवायची. खुणांचं आईनेच तिला सांगितलं असणार. असं करत करत एखादं मांडीवर घ्यायची. चौथ्या दिवशी ती चक्क हसली. गावकरी म्हशीला सरपंच करतात, अशी काहीतरी येडपट गोष्ट होती... मी कुणाला कधी सुचवली नसती.

ती गेल्यावर मी ते पान उघडलं. तीन उभ्या रेघा, खाली एक टिंब. तिने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात तेच! आत्याला दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“ह्ये तर वयनीचं! हळदीला, बारशाला शेजारी भांडी द्यावी लागतात ना, सगळ्यांच्या भांड्यांवर नाव असतं. तिला लिवता येत नवतं, म्हून खिळ्यानं ह्येच मारायची.”

म्हणजे झाडू मारता मारता सुनंदा बघत होती — काय वाचताना पोरं खिदळतात, काय घरी न्यायला भांडतात. मी जे सांगितलं नाही, ते तिने पोरांच्या तोंडांवरून ओळखलं आणि लेकीसाठी खूण करून ठेवलं. मला फार भरून आलं. पण यात अमानवीय काही नाही. आई होती ती, एवढंच.

मग तपासणी आली. आणि मी... काय सांगू... नेहमीसारखी खोडरबर घेऊन बसले आणि हाताच्या सवयीने सगळी पानं पुसली. सुनंदाच्या खुणासुद्धा. लक्षात आलं तेव्हा श्रुती एकेक कोरं पान उलटत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. नंतर यायचीच बंद झाली. आत्या म्हणाली, “आता तर धड जेवत पन नाय.” त्या पोरीची आई दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी माझ्या हातून. मला आठवडाभर घास गोड लागला नाही.

शेवटी मी लबाडी करायची ठरवली. फेब्रुवारीत नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. त्यातलं मला सगळ्यात चांगलं वाटलं ते उघडून मी पान पंचवीसवर तीन रेघा आणि टिंब काढलं, आणि श्रुतीला बोलावून घेतलं. दुपारचे साडेचार, खिडकीतून लख्ख ऊन. तिने पान उघडलं, खुणेवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

“हे आईनं नाय केलं.”

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. ती पार्सलपाशी गेली. बाकीची पुस्तकं अजून प्लास्टिकमध्ये होती, आली तशी. तिने तळातलं एक ओढलं, दातांनी प्लास्टिक फाडलं, पानं उलटली आणि पुस्तक माझ्यासमोर धरलं. तीन रेघा. टिंब. पेन्सिलीने.

“हे केलं.”

मी पुस्तक हातात घेऊन पहिली पानं उलटली. पुस्तकावर छापल्याचा महिना होता, जानेवारी. सुनंदाला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. पोरीच्या हातात पेन्सिल नव्हती, ती माझ्यापासून दोन हातांवर होती. मी उरलेल्या सगळ्या पुस्तकांचं प्लास्टिक फाडलं. आणखी तीन पुस्तकांत खूण होती.

नवऱ्याने बऱ्याच शक्यता सांगितल्या — कुणाच्या परत आलेल्या प्रती पुन्हा गुंडाळल्या असतील वगैरे. मी हो हो म्हटलं. श्रुती आता चुरूचुरू बोलते, वाचते, आत्याशी भांडतेसुद्धा. मी खोडरबर टाकून दिलं. तपासणीत काय शेरा मारायचा तो मारू देत. या गोष्टीला दोन वर्षं झाली, दर पार्सलमध्ये खूण असते आणि ती कशी येते ते मला अजून कळलेलं नाही. खरं तर आता कळून घ्यायची भीतीच वाटते.

गेल्या सोमवारच्या पार्सलमध्ये खूण एकाच पुस्तकावर होती, आणि मला वाटलं, या वेळी चूक झाली. कारण ते गोष्टींचं नव्हतंच. वयात येणाऱ्या मुलींसाठीचं होतं — जे आईने जवळ बसवून सांगायचं असतं, ते त्यात सोप्या भाषेत लिहिलेलं. मी ते टेबलावर बाजूला काढून ठेवलं.

गुरुवारी आत्या एकटीच जिना चढून आली. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, “बाई, श्रुती काल शानी झाली. मला मेलीला नीट सांगता येत नाय... तिला समजवंल असं एखादं पुस्तक हाय का वो?”