सरपंचांचा सरळ चर

नोकरी सांगलीला आणि गाव दुष्काळी माण तालुक्यात, अशी माझी विभागणी आहे. सांगलीत मी एका बांधकाम ठेकेदाराकडे मोजमापाची वही लिहितो. खडी किती ब्रास आली, भिंत किती फूट उठली, एवढंच. त्यामुळे गावाने डोंगरावर चर खणायचं ठरवलं तेव्हा मोजणी माझ्याकडे आली. मी पंधरा दिवसांची रजा टाकली, लांब टेप घेतला आणि बायकोसह गावी आलो.

बेत साधा होता. उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी धावत खाली न जाता तिथेच मुरेल. एका घराने एक चर खणायचा, वीस फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. त्यासाठी सहा दिवस सकाळचे. गावात एकशे बारा घरं. त्यांतली पंच्याण्णव कबूल झाली. बाकीची "आधी बघू" म्हणाली.

आमचे सरपंच फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गावात सगळे त्यांना मेजरच म्हणतात. ग्रामसभेत नियम त्यांनीच मांडला. पूर्वी दुसऱ्या उतारावर मशीनने एका दिवसात चर खणून घेतले होते. ते कुणालाच आपले वाटले नाहीत, गाळ कुणी काढला नाही आणि दोन वर्षांत ते बुजले. म्हणून मेजर म्हणाले, "आपल्या घराचा चर आपल्या हातानं. मशीन न्हाई, मजूर न्हाई. जो आणील त्याच्या चराला शून्य, आणि वर दुप्पट खणायचा." सगळ्यांनी हात वर केले. मी तो नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

ते सहा दिवस मला जन्मभर पुरतील. पहाटे उजाडायच्या आत टिकावांचा आवाज सुरू व्हायचा. नऊ वाजता भाकरी सोडायची, तर एकीचा ठेचा चौघींच्या फडक्यावर फिरायचा. बायका हातांवरचे फोड मोजून कुणाचे जास्त ते ठरवायच्या. माझा स्वतःचा चर मी मोजला तेव्हा तीन इंच कमी खोल भरला. टेपचं दुसरं टोक बायकोच्या हातात होतं. ती म्हणाली, "आवं, दुसऱ्यांचं मोजायला आलाय, आधी आपलं भरा." मी पुन्हा उतरून तीन इंच खणलं.

सातव्या दिवशी मोजणी निघाली. मागून निम्मं गाव. माझी एक चुलती, सत्तरीची, सुनेला घेऊन तिने चर खणला होता. तो दोन बोटं कमी भरला. मी तसं सांगितलं. ती पुन्हा आत उतरली आणि दोन बोटं खोल करूनच वर आली.

तिच्या शेजारचा चर मेजरांचा. मी रुंदी पाच ठिकाणी मोजली. चोवीस इंच, चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. इतरांची कुठे बावीस, कुठे सव्वीस. पहारीने मुरूम फुटतो तो आपल्या मर्जीने फुटतो. इथे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सारख्या अंतराने मशीनच्या दातांचे ओरखडे.

बायको हळूच म्हणाली, "ह्याला तर इस्त्री केलीया."

कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांनी तो मेजरांच्या आधी पाहिला आणि विचारलं, चर खणलाय का स्केलपट्टीने आखलाय? लोक हसले, पण त्या हसण्याखाली दुसरंही काही चाललं होतं. पुढच्या आठवड्यात दुसरा उतार घ्यायचा होता. तिघांनी मला तिथेच विचारलं, मग आम्हीही मशीन सांगितलं तर चालेल ना? आता वहीत काय लिहिलं जातं त्यावर तो दुसरा उतार अवलंबून होता. मेजरांचा चर पूर्ण लिहिला तर उद्या टिकाव कुणी उचलणार नाही. शून्य दिलं आणि ते चिडून घरी बसले, तर ज्याच्या शब्दावर गाव डोंगरावर आलं तोच माणूस गेला.

मेजर मोटारसायकलवरून आले. त्यांनी लपवाछपवी केली नाही. सहापैकी पाच दिवस ते टँकरच्या खेपा मंजूर करून घ्यायला तहसीलला होते, आणि हे खरं होतं. शेवटच्या संध्याकाळी ओळखीच्या माणसाचं मशीन आलं आणि वीस मिनिटांत काम झालं. मग ते हसून म्हणाले, "आरं गड्या, पाणी काय बघतंय व्हय, हातानं खणलंय का मशीननं?"

चुलती आपल्या चराच्या कडेला बसली होती. "पाणी न्हाई बघत," ती म्हणाली. "आमी बघतो."

मी पहिलं पान काढलं आणि त्यांचाच नियम त्यांच्याच शब्दांत मोठ्याने वाचला. मग सर्वांसमोर शून्य लिहिलं. आकडा नीट गोल आला नाही. मेजरांनी वहीत पाहिलं, गाडीला किक मारली आणि निघून गेले.

दिवसभर मला जेवण गेलं नाही. चांगल्या माणसाला मी गावासमोर उघडं पाडलं असं वाटत राहिलं. बायको म्हणाली, चुलतीला दोन बोटं कमी सांगताना नाही असं वाटलं?

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचला डोंगरावर गेलो. मेजर आधीच आले होते. अंगात फौजेतली जुनी बनियन, हातात टिकाव, चाळीस फुटांची आखणी चुन्याच्या फक्कीने केलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वेळ लिही. पाच वाजता हाजिर."

सात वाजेपर्यंत बातमी गावभर झाली. मुलं आली, मग बायका, मग कधीच न आलेले. चुलतीने दगड सरकवून घेतला आणि मुकादमासारखी बसली. "आवं मेजर, कंबर वाकवून मारा. बंदूक न्हाई ती." मेजरही घामाने निथळत हसायचे आणि म्हणायचे, आज्जी, कॅप्टनसुद्धा इतका बोलत नव्हता. दोघे तरुण मदतीला उतरले, तर त्यांनी हाकललं. नियम एका घराच्या हातांचा होता. मग त्यांची बायकोच पदर खोचून उतरली. "मी ह्या घरातलीच हाय," ती म्हणाली, आणि दुपारपर्यंत तिने त्यांच्यापेक्षा दीड फूट जास्त खणलं. हे मी मोजून सांगतो. मेजरांनी ते दोनदा मोजायला लावलं.

चाळीस फूट पुरे व्हायला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी कुणीतरी घरून रव्याचा शिरा करून आणला, पातेलं डोंगरावर चढवलं. मी मोजलं, पूर्ण भरलं, तसं लिहिलं. मशीनबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही.

माझी रजा संपली होती, ती मी आणखी आठ दिवस वाढवून घेतली. दुसऱ्या उताराच्या पहिल्या सकाळी हजेरी घेतली तर एकशे दहा घरं. उरलेली दोन कुलूपबंद, माणसं मुंबईला. ती रविवारी पहाटेच्या गाडीने उतरली आणि तोंड न धुता, पिशव्यांसकट, थेट डोंगरावर आली. त्यांना टिकाव मेजरांनीच दिले.