रामकृष्णाचा लाल तांदूळ

रामकृष्ण पेडणेकराचा हात तोंडाआधी चालायचा. कुडाळच्या शाळेत त्याने हेडमास्तरांच्या पोराचा दात पाडला होता. ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून आला, तर पहिल्याच महिन्यात कुजकी मासळी वाढली म्हणून त्याने मेसवाल्याला उचलून भिंतीवर आपटलं. त्याच दिवशी परतीच्या विमानात बसायची पाळी यायची, पण मार्सेल डाबरेने अर्बाबपुढे, म्हणजे अरब मालकापुढे, हात जोडले आणि ती टळली.

मार्सेल वसईचा. स्टोअरमध्ये कारकून आणि रामकृष्णाच्याच खोलीत राहणारा. आवाज चढवणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून रामकृष्ण त्याला जिवापाड जपायचा, पण त्याचं जपणंही मारामारीसारखंच. मार्सेलची कोणी नुसती थट्टा केली तरी हा त्याची कॉलर धरायचा.

गेल्या वर्षी मार्सेलच्या हृदयात स्टेंट बसला. कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळीने पाय दुखतात असं मार्सेल एकदाच कुरकुरला आणि रामकृष्णाचं डोकं फिरलं. तो मोबाइलवर नैसर्गिक उपाय धुंडाळत बसला. लसूण झाली, मेथी झाली, जवस झालं. मग एका व्हिडिओतली बाई म्हणाली, "रेड यीस्ट राइस." रामकृष्ण उडालाच.

"मेल्या, ऐकलंस? रेड ईस्ट राइस! ईस्ट म्हणजे पूर्व. आपल्या पूर्वेक कोण? कोकण! ह्यो आमचो लाल उकडो तांदूळ! आजो म्हातारपणात माडार चढायचो, तो उगाच?"

"एकदा डॉक्टरला विचारूया ना रे," मार्सेल पुटपुटला.

"डॉक्टर गेलो खड्ड्यात!" रामकृष्णाने गोळ्यांचं पाकीट हिसकावून बुटाखाली चिरडलं. भिंतीवर अशी मूठ हाणली की कॅलेंडर खाली आलं. "गोळी खलास! पुन्हा दिसली तर हात मोडीन!"

गावाहून तांदळाचं पोतं आलं. सकाळी पेज, संध्याकाळी भात. ताट रिकामं होईपर्यंत रामकृष्ण समोर मांडी ठोकून बसायचा आणि मार्सेल मुकाट्याने गिळायचा. गड्याचा माझ्यावर केवढा विश्वास, असं रामकृष्ण कॅम्पभर सांगत फिरायचा.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, मार्सेल घास हातात धरूनच ताटावर कोसळला. लाल भात लादीभर उडाला. श्वास थांबला होता. रामकृष्णाने त्याला उताणा केला आणि सेफ्टी ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसे छातीवर दणके घालायला सुरुवात केली. एक बरगडी कडकन मोडली. तो थांबला नाही. दुसरी मोडली. शेजारच्या खोलीतला हुसैनमियाँ धावत आला. हा जीवच घेतोय असं वाटून त्याने रामकृष्णाला मागे खेचलं, तर कोपराच्या एका फटक्यात त्याचं नाक फुटलं. "ॲम्ब्युलन्स बुलाव!" रामकृष्ण ओरडला, आणि रडत, शिव्या देत पुन्हा दणके घालू लागला. ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी बाजूला ढकललं तेव्हाच त्याचे हात थांबले.

मार्सेल वाचला.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर अंबरीनने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "ईस्ट नहीं भाई, यीस्ट! खमीर!" बुरशीने आंबवलेला तो तांदूळ वेगळाच असतो, म्हणाली. त्यात गोळीसारखंच औषध असतं, म्हणून तोही मनाने घ्यायचा नाही. आणि पाय दुखत होते तर गोळी बदलून दिली असती.

रामकृष्ण खाटेपाशी उभा राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"चुकलो रे, मार्सेल. मी अडाणी. तू बिचारो विश्वास ठेवून खात रवलस."

मार्सेलला मोडक्या बरगड्यांमुळे धड श्वास घेता येत नव्हता. तरी तो बोलला. "विश्वास कसला? माझ्या बापाची बेकरी होती वसईला. यीस्ट म्हणजे काय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोललंस कित्याक नाय?"

मार्सेलने त्याच्या मुठींकडे पाहिलं.

"तू मारशील म्हणून."

रामकृष्णाने दोन्ही हात पाठीमागे लपवले.