टेपने मोजलेल्या चाळीस होड्या

पीएचडीने माणूस शहाणा होतो असं वाटतं ना तुम्हाला? माझी फजिती ऐका, मग बोला.

मी पनवेलच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझा प्रबंध करंजा बंदरातल्या चाळीस होड्यांवर. पाच वर्षांत कोणी किती बर्फ नेला आणि किती मासळी आणली, हा विषय. असल्या आकडेवारीला दोन मॉडेलं असतात. फिक्स्ड इफेक्ट्समध्ये प्रत्येक होडीची तुलना फक्त तिच्या स्वतःशीच. रँडम इफेक्ट्समध्ये होड्यांची आपापसातही. पण अट अशी, की होडीच्या अंगच्या गुणांचा बर्फाशी संबंध नको.

माझी अडचण वेगळीच होती. जे कधी बदलत नाही ते फिक्स्डमधून गळतं. म्हणजे होडीची लांबी. आणि मी दोन महिने भर उन्हात टेप घेऊन चाळीस होड्या मोजल्या होत्या हो! ती मेहनत टाकवते का? मी गुपचूप रँडम निवडलं. उत्तर झकास आलं: जास्त बर्फ, जास्त मासळी.

सोमवारी प्रबंध द्यायचा होता. शनिवारी मी ऐटीत करंजाला गेलो, हिराबाईंना निष्कर्ष सांगायला. हिराबाई दोन होड्यांच्या मालकीण. सगळी आकडेवारी यांनीच मिळवून दिलेली, म्हणून माझ्या लांबीच्या कागदाची एक प्रतही यांच्याकडे. त्या बोंबील वाळत घालत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं, पण मान काही वर केली नाही.

"सर, बर्फाच्या मागं मासली नाय येत. मासली कुटं हाय ते ज्या तांडेलाला, होडी हाकणाऱ्याला, म्हाईत असतं, तोच आदी जास्त बर्फ भरतो."

त्यांनी एक बोंबील उलटला.

"न माजी होडी दुसऱ्याच्या होडीसंगं कशाला लावता? माजीच गेल्या सालची न यंदाची बघा."

म्हणजे तांडेलाची जाण हाच होडीचा गुण, आणि त्याचा बर्फाशी थेट संबंध; रँडमची अट मोडलेलीच. जाडजूड पुस्तकं चार वर्षं उशाशी घेऊन मला जे उमगलं नाही, ते या बाईंनी बोंबील उलटता उलटता सांगितलं. मी सरळ वाकून पाया पडलो. आशीर्वादाचा वास दोन दिवस डोक्याला होता.

घरी येऊन फिक्स्ड लावलं. बर्फाचा प्रभाव जवळजवळ उरलाच नाही, लांबीचा रकाना तर गायबच. सोमवार हुकला. प्रबंध सहा महिने लांबला.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा गेलो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, सगळ्यांवर नव्याकोऱ्या ताडपत्र्या. मी हिराबाईंना भीत भीत विचारलं, माझ्या संशोधनाचा बंदराला काही उपयोग झाला का?

"झाला की. तुमचा त्यो होड्यांच्या लांबीचा कागद ताडपत्रीवाल्याला दिला. येक पन तोकडी नाय पडली."