धवल्याआधीची जोडणी

नव्वदच्या दशकात नोकरी सांभाळून मी लग्नांना साऊंड लावत असे. त्या दिवशी बेलापूरच्या घरातून सामान टेंपोत घालून दिवाळे गावात नेलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर एकच. त्याचे दोन्ही भाग ब्रिज करून, म्हणजे दोघांची ताकद एकाच जोडणीवर आणून, मी तो चालवत होतो. अशा वेळी बॉक्सचा भार, म्हणजे त्यांचा विजेला होणारा रोध, आठ ओहमच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. आकडा जितका लहान, तितकं यंत्रावरचं ओझं मोठं. माझे चार बॉक्स मी असे जोडले होते की भार नेमका आठ भरत होता. मीटर लावून पाहिलं होतं.

दुपारी धवला होता. लग्न लावताना धवलारीण गाते ती गाणी म्हणजे धवला. नवरदेवाची आजी गावची धवलारीण, पण मांडीचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर, आणि घर आळीच्या पार टोकाला. तिच्या जागी तिची सून, म्हणजे नवऱ्याची काकू, पहिल्यांदाच गाणार होती.

"आईला आयकाला गेला पायजे," काकू मांडवात सगळ्यांना सांगत होती. "नायतर मी तोंड उघरनार नाय."

नवऱ्याच्या मामाने ते मनावर घेतलं. लग्नघराला त्या गावात प्रत्येकजण काहीतरी आणून देतो, कुणी पातेली, कुणी सतरंज्या. मी जेवायला बसलो असताना मामाने घरचे दोन बॉक्स आजीच्या ओट्यावर मांडले आणि त्यांची वायर माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूंना पिळून टाकली. पातेलं देताना कोण विचारतं?

रेकॉर्डवरचं गाणं मध्येच फाटल्यासारखं वाजलं. मी हात न धुताच उठलो. ढोलकीच्या प्रत्येक थापेला अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा, जास्त ओझ्याची खूण, लुकलुकत होता. झाकणावर हात टेकवेना. मागे पाहिलं, तर दोन अनोळखी वायरी. दोन बॉक्स समांतर, म्हणजे चार ओहम. माझे आठ धरून एकूण पावणेतीनच्याही खाली. ब्रिजमध्ये प्रत्येक भागाच्या वाट्याला त्याचंही निम्मं. यंत्र जळालं असतं तर मांडवातही आवाज नाही आणि ओट्यावरही नाही. वायर उपटली असती तर काकू गाणार नव्हती.

तेवढ्यात काकू माइकसमोर येऊन उभी राहिली.

मी मेन स्विच बंद केला. मांडव एकदम गप्प झाला.

"ओ साऊंडवाले!" मामा धावत आला. "बंद काय करता? लगीन लागतंय!"

"मामा, ओझं झालंय. जळेल."

"माझे बॉक्स नवे हायत!"

"बॉक्स नाही, हा जळेल. मला दोन मिनिटं द्या."

"आयला, लाज कारनार तुमी माझी," म्हणत तो माझ्या डोक्यावरच उभा राहिला.

स्क्रू इतके तापले होते की रुमाल धरून सोडवले. ब्रिजचं बटण बंद केलं. एका भागावर माझे चार बॉक्स, आठ ओहम. दुसऱ्यावर मामाचे दोन, चार ओहम. सुट्या भागाला चार चालतात, त्याखाली नाही. म्हणजे काठावर. मांडवातली ताकद आता चौथाई राहणार होती.

स्विच लावला. दिवा एकदा लागला आणि विझला. काकूने माइकवर टिचकी मारली, ती बारीकच वाजली.

"काका, आवाजाचा रेशन संपला काय?" मागून कुणीतरी ओरडलं. पोरं हसली.

"गप रे!" काकू म्हणाली, आणि तिने धवला सुरू केला. आवाज कापत होता. मी दिव्यावरून नजर हलवली नाही. ओट्यावर पोचतंय की नाही, हे इथून कळायला मार्गच नव्हता.

चौथ्या-पाचव्या ओळीला आळीतून एक बाई पदर सावरत आली आणि काकूच्या कानाशी वाकली. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाने ऐकलं.

"म्हातारी बोलतंय, दुसरी ओल चुकलीस. पुना म्हन."

मामाने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. काकूने डोळे पुसले, घसा साफ केला आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा धरलं. या वेळी आवाज कापत नव्हता.