साराबाईंची हजेरी

मी नांदेडला मुलीकडे होतो तेव्हा गावाकडून शेजारच्या कौसल्याचा फोन आला. ‘‘सर, साराबाई गेल्या.’’ अशा वेळी काहीतरी चौकशी करायची असते, पण माझ्या तोंडून निघालं, ‘‘जमीन वाजली होती का?’’ तिला प्रश्न वेडगळ वाटला नसावा. ‘‘न्हाई सर. सकाळपासून लई शांत होतं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच न्हाईत…’’ याला आता महिना होऊन गेला, पण ते शांत असणंच मला अजून खुपतं.

कुरुंद्याच्या अलीकडे आमचं गाव. इथली जमीन वाजते, हे वाचकांनी बातम्यांत कधीतरी वाचलं असेल. आधी पोटात गुरगुरल्यासारखा आवाज, मग एक धक्का, मांडणीवरची भांडी किणकिणतात, आणि नंतर जी शांतता पसरते तिच्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. खडक, भेगा, दाब, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. आम्ही बौद्ध, घरात देव नाही, भूत तर नाहीच नाही. तरी आवाज आला की माझ्या पायांना शास्त्र आठवत नाही, ते आधी अंगणात पोचतात.

साराबाई माझ्या शेजारच्या. यजमान डॅनिएल गेल्यापासून एकट्याच राहायच्या. गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच. रविवारी संध्याकाळी आसपासच्या गावांतून चार-दोन माणसं यायची आणि साराबाई दाराला कडी घालून, खिडक्या लावून प्रार्थना करायच्या. गाणंसुद्धा इतकं हळू, की ‘‘तुमच्या देवाला कानाचं यंत्र लागेल,’’ असं मी चिडवायचो. त्या हसायच्या, कडी मात्र निघायची नाही. दिवस बदलले सर, म्हणायच्या, कोण कशाचा काय अर्थ काढील सांगता येत न्हाई.

आणि लोकांनी अर्थ काढलाच. एका रविवारी आत गाणं चालू असताना जमीन वाजली. पुढच्या रविवारी पुन्हा, गाण्याच्याच वेळी. मी योगायोग म्हणून सोडून दिलं, पण समोरच्या घरातली कौसल्या नळावर बोलली, ‘‘दार लावून ही बाई खालचं काहीतरी जागं करून राहिली.’’ झालं! साराबाईंची घागर नळाला लागली की बाया आपापल्या घागरी उचलून लांब ठेवू लागल्या. त्यांचा पुण्याचा मुलगा फोनवर म्हणे, घर विकून इकडं ये. प्रार्थना सोडायची की गाव, एवढंच त्यांच्यापुढे उरलं होतं. एकदा कुंपणापाशी येऊन त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं, ‘‘सर, खरंच आमच्यामुळं वाजत असंल का?’’ मी खडक आणि भेगा सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी ओट्यावर बसलो होतो. दिवस अजून मावळायचा होता, बाहेरगावची माणसं आली नव्हती. साराबाईंनी कडी काढली, दोन्ही कवाडं भिंतीला टेकवली आणि सतरंजी ओढत अंगणात आणून अंथरली. मी म्हटलं, ‘‘बाई, आत बसा. लोक बोलतील.’’

‘‘बोलूनच राहिलेत की. दार लावलं तर म्हनत्यात लपवलं. आता बघू द्या, ऐकू द्या आमी काय मागतो ते. भ्या मला बी वाटून राहिलं, सर. पन माझा प्रभू काय कडीकोयंड्यात ऱ्हात न्हाई.’’

त्या गुडघ्यांवर बसल्या. मोठ्यानं प्रार्थना सुरू केली आणि गल्लीतल्या एकेका घराचं भलं मागू लागल्या. खिडक्यांमागे माणसं उभी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि जमीन गुरगुरली… तिसऱ्यांदा योगायोग म्हणायला माझी जीभ वळेना. धक्का नेहमीपेक्षा मोठा होता. कौलं घसरली, माणसं धावत बाहेर आली. धूळ खाली बसली. सगळे साराबाईंकडे बघत होते. आता देवाचं नाव घेतील असं मला वाटलं, पण त्यांनी हाक मारली, ‘‘कौसल्या, हाय का?’’

समोरच्या अंगणाच्या भिंतीमागून रडका आवाज आला, ‘‘हाय…’’ ‘‘रफिकभाई, हाय का?’’ ‘‘हूं, बाई.’’ असं करत त्यांनी सगळी गल्ली मोजली.

त्या दिवसापासून ही रीतच पडली. जमीन वाजली की साराबाई अंगणात येणार, नावं घेणार आणि प्रत्येकानं ‘हाय’ म्हणायचं. कौसल्या तर त्यांच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसू लागली. पण नंतर नंतर साराबाई जिवंत माणसांची नावं संपली तरी थांबेनात. ‘‘डॅनिएल, हाय का?’’ मग कौसल्याच्या सासूचं नाव. आणि एके दिवशी, ‘‘सुनंदा, हाय का?’’ सुनंदा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक नावानंतर त्या उत्तरासाठी थांबायच्या, अगदी जिवंत माणसासाठी थांबावं तेवढंच. मी संतापलो. ‘‘मेलेल्यांना काहून हाक मारता?’’

‘‘आवाज त्यांच्याच बाजूनं येऊन राहिला ना सर. त्यांना बी भ्या वाटत असंल. एक दिस मेलेल्या-जित्या सगळ्यांना प्रभूची हाक येनार हाय, असा आमचा भरवसा हाय. सवय असलेली बरी.’’

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण सुनंदाच्या नावानंतर मीही कान देऊ लागलो, हे खरं आहे.

नांदेडहून परतलो त्याच आठवड्यात, भर दुपारी जमीन वाजली. सगळे बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. साराबाईंचं दार मुलानं कुलूप लावून बंद केलेलं. शेवटी कौसल्या त्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिनं गल्ली मोजली. मग डॅनिएल, मग सासू, मग सुनंदा. आणि जरा थांबून, ‘‘साराबाई, हाय का?’’

उन्हात सगळे गोठल्यासारखे उभे. खालून काहीच आवाज आला नाही… आणि मग कोणीतरी म्हणालं, ‘‘हाय.’’

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले, तेव्हा मला कळलं.