तीन ओळींची जबानी

तार आली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. हेडमास्तर स्वतः दारापर्यंत आले आणि म्हणाले, "गुरुजी, जरा बाहेर या." माझा चुलतभाऊ नारायणदादा परप्रांतातल्या विमानतळावर नोकरीला होता. तो काविळीने गेला होता... आम्ही पुलगावहून निघून पोचेपर्यंत त्याचे अंत्यसंस्कारही उरकले होते. याला आता महिना होईल.

दादा आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. घरातले सगळे पुरुष गिरणीत, हा एकटा विमानतळाच्या टॉवरवर. वायरलेसवरून वैमानिकाला सूचना द्यायची आणि वैमानिकाने ती जशीच्या तशी म्हणून दाखवायची, असा तिथला नियम. म्हणून दाखवली नाही तर पुन्हा विचारायचं. सुट्टीत आला की दादा आम्हाला हे समजावून सांगायचा आणि मोठी आई, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "पोराचा पाढा घेतल्यावानी सायबाचा पाढा घेते हा!" मला वर्ध्याला कॉलेजात घालायचा हट्टही त्याचाच. तो नसता तर मीही गिरणीच्या भोंग्यावर उठलो असतो.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना ते घडलं. मे महिन्यातली दुपार होती आणि वावटळ सुटली होती. धावपट्टीवर डागडुजी चालली होती, रोलर अजून हटला नव्हता. दादाने येणाऱ्या विमानाला वरच घिरट्या घालायला सांगितलं. उलट काहीच आलं नाही, नुसती खरखर. कॅप्टन वयाने मोठा आणि तापट. आठवड्यापूर्वीच त्याने दादाला झापलं होतं, की एकदा सांगितलेलं मला कळतं, मी बहिरा नाही. आमच्या घरात वडीलधाऱ्याला "ऐकलं का?" असं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. दादा माइकसमोरही आमच्या घरचाच राहिला. त्याने विचारलं नाही. विमान उतरलं. चाक रोलरला घासलं, विमानातले सगळे वाचले, पण रोलरवाल्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

चौकशी लागली. लेखी जबानी द्यायला पंधरा दिवस मिळाले आणि दादा घरी आला. ते पंधरा दिवस आमच्या दोन खोल्यांत त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. कॅप्टन म्हणत होता, सूचना आलीच नाही. कॅप्टनने ती म्हणून दाखवली होती असं दादाने लिहिलं, तर दादा सुटत होता.

"लिहून टाक ना बापा," मोठी आई म्हणाली. "तो मोठा माणूस हाय, कसाबी सुटन. तू नाई सुटत."

"आई, त्यानं खरंच ऐकलं नसन तर?"

"तू काऊन त्याची वकिली करून राह्यला? तो करते का तुयी?"

दादा उठून दारात गेला. तिथे माझे वडील बसले होते. परत आला, तर चुलीपाशी मोठी आई. शेवटी मोरीत जाऊन विनाकारण पाय धूत बसला.

माझं इंग्रजी बरं, म्हणून मसुदा करायचं काम माझ्यावर आलं. मी तो घरच्यांना हवा तसाच केला, कुणी जबरदस्ती केली नव्हती. दादाची नोकरी गेली तर माझं कॉलेज सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दादाने दोनदा वाचला.

"इंग्रजी झकास हाय तुयं," तो म्हणाला. "अन् त्या रोलरवाल्याले काय लिहून देतं?"

त्याने दुसरा कागद घेतला आणि स्वतः तीन ओळी लिहिल्या. मी सूचना दिली. कॅप्टनने ती म्हणून दाखवली नाही. मी पुन्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

नोकरी राहिली, पण माइक गेला. त्याला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. तो राजीनामा देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने दिला नाही. "तुयं बी.ए. होऊ दे, मंग पाहू," एवढंच मला म्हणाला. माझं बी.ए. झालं, मास्तरकीही लागली, पण तोवर दुसरीकडे जायचं बळ त्याच्या अंगातच उरलं नव्हतं.

तो गेल्यावर त्याचं सामान आणायला त्याच्या कचेरीत गेलो तेव्हा ती खोली पाहिली. खिडकी नाही, वर फक्त हवेपुरता झरोका. डोक्यावरून विमान गेलं की कपाटाची दारं थरथरत. ते कोणतं विमान आहे हे तिथून दिसत नव्हतं. शिपाई म्हणाला, "चौकशीच्या फाइली नारायणसाहेबांच्याच ताब्यात असायच्या. किल्लीही त्यांच्याच खिशात." त्याने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एका फाइलीवर दादाचं नाव होतं.

मी ती उघडली. कागद पिवळा पडला होता. चार वर्षं तो याच खोलीत दादासोबत होता... कुणी पाहायला नव्हतं, त्याने तो बदलला असता तरी कुणाला कळलं नसतं. तिन्ही ओळी जशाच्या तशा होत्या. एका अक्षराचीही खाडाखोड नव्हती.

शिपायाने विचारलं, "हे पण न्यायचं का, गुरुजी?"

"नाही," मी म्हणालो. "हे इथंच राहू द्या."

त्याने कपाटाला कुलूप लावलं. दादाची ट्रंक उचलून मी बाहेर उन्हात आलो.