एक सामना कमी

आपल्याकडे शेजाऱ्याला वाटीभर साखर उसनी देतात, इंग्लंडात फुटबॉलपटू देतात. हे मला डॅरन हॅडलीमुळे कळलं. हॉलंडमधल्या कापेल गावात तो आमच्याच इमारतीत राहायचा. मधल्या फळीतला खेळाडू, फार नाव नाही, पण इमानदार. एका क्लबाने घेतला, दुसऱ्याला उसना दिला, तिसऱ्याने सोडला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा बायको जोआन आणि मुलगी केटीला घेऊन गावोगाव फिरला. तिशी उलटल्यावर, २००५ साली, इथल्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात आला.

दर वर्षी नवी शाळा, त्यामुळे केटी मुकीच झाली होती. इथे आमच्या मुलीच्या, मैत्रीच्या, वर्गात आली आणि वर्षभरात डचमध्ये भांडायला लागली. डॅरनला तेवढंच हवं होतं: आणखी एक वर्ष इथेच.

करारात तशी सोय होती. ठरलेल्या संख्येइतके सामने, बदली म्हणून का होईना, खेळला की करार आपोआप वर्षभर वाढणार. त्या आकड्याला एकच सामना कमी असताना प्रशिक्षकसाहेबांनी त्याला बाकावर बसवला. क्लबाला पुढच्या वर्षी तो नको होता. दुखापत नाही, भांडण नाही.

‘‘तक्रार कर ना,’’ मी म्हटलं.

‘‘कोणाकडे? कोणाला खेळवायचं हे प्रशिक्षकच ठरवतो, अश्वजित.’’

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मीही कंपनीच्या मर्जीवर या देशात राहणारा. मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला आणि माझ्या रागाला कुत्रं विचारत नव्हतं.

शेवटच्या सामन्याला आम्ही सगळे गेलो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण उत्तरार्धात मधल्या फळीतल्या एका पोराचा घोटा मुरगळला आणि त्याला उचलून नेलं, हे कळलं. एक बदली खेळाडू अजून उतरवता येत होता. बाकावर मधल्या फळीतला उरला होता एकटा डॅरन. तो जाकीट काढून रेषेपाशी येऊन उभा राहिला. जोआनने माझ्या बायकोचा हात घट्ट धरला.

प्रशिक्षक डॅरनकडे पाहीना. थोड्या वेळाने त्याने नुसता हात केला: खाली बस.

क्लब दहा जणांनिशी खेळला. कोणाला इतका नकोसा झालेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आणि वर ते दहा जण जिंकले. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. डॅरननेही वाजवल्या, न वाजवून करतो काय?

केटी आणि मैत्री कठड्याकडे धावल्या. दोघींच्या गळ्यात क्लबाचे मफलर.

‘‘डॅड, पुढच्या वर्षी आम्ही दोघी इथेच बसणार, अगदी पुढे!’’

डॅरनने आधी जोआनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘बसा की,’’ तो म्हणाला.